धर्मग्राम आणि लेखणी : फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या गद्यलेखनातील श्रद्धा व समाजकार्य

प्रस्तावना

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन संपन्न झाले. या संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली आणि संमेलनाच्या इतिहासात प्रथमच एक ख्रिस्ती साहित्यिक या पदावर आला. या निवडीस काही संघटनांनी विरोध केला. धर्मगुरूचा साहित्याशी काय संबंध, असा त्या विरोधाचा सूर होता. निवडीच्या समर्थनार्थ जे बोलले गेले ते मात्र अधिक विचार करण्याजोगे आहे. दिब्रिटो धर्मगुरू असले तरी पर्यावरण चळवळीचे नेते आहेत, धर्मगुरू असले तरी संतसाहित्याचे प्रेमी आहेत, धर्मगुरू असले तरी मराठीचे निष्ठावंत लेखक आहेत, असा त्या समर्थनाचा एकंदर आशय होता. विरोधक आणि समर्थक यांच्या भूमिकांत कितीही अंतर असो, 'असले तरी' या दोन शब्दांवर दोन्ही पक्षांचे नकळत एकमत झालेले होते.

प्रस्तुत शोधनिबंधात या दोन शब्दांचीच चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. दिब्रिटो यांचे लेखन आणि त्यांची सामाजिक कृती ही त्यांच्या धर्मगुरुपदाला जोडलेली उपांगे नसून त्या पदाच्या आतूनच आलेली आहेत, आणि त्या पदाला अर्थ देणारी जी मूळ सामाजिक संस्था, म्हणजे 'धर्मग्राम', ती लक्षात घेतल्याखेरीज या लेखनाचे सामर्थ्य आणि मर्यादा यांपैकी काहीच नीट सांगता येत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे. संमेलन मराठवाड्यात झाले, ही बाबही निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. वसईच्या हिरव्या पट्ट्यात घडलेला हा लेखक मराठवाड्याच्या कोरडवाहू मुलखात वाचला जातो तेव्हा त्याच्या लेखनातील काही गोष्टी अधिक उठून दिसतात आणि काही उणिवाही जाणवतात.

दिब्रिटो यांचा जन्म ४ डिसेंबर १९४२ रोजी वसई तालुक्यातील नंदाखाल येथे झाला. १९७२ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १९८३ ते २००७ या काळात ते 'सुवार्ता' या मासिकाचे संपादक होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. 'सुबोध बायबल', 'तेजाची पाऊले', 'सृजनाचा मोहोर', 'ओअ‍ॅसिसच्या शोधात', 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' आणि 'नाही मी एकला' हे आत्मकथन ही त्यांची प्रमुख ग्रंथसंपदा होय. त्यांच्या समग्र लेखनाचा आढावा घेणे हा येथे हेतू नाही.

धर्मग्राम : संज्ञा आणि स्वरूप

इंग्रजीतील 'पॅरिश' या संज्ञेस वसईच्या ख्रिस्ती मराठीत 'धर्मग्राम' हा शब्द रूढ आहे. मराठीने परभाषेतील धार्मिक संज्ञांना जे पर्याय घडविले त्यांत हा शब्द विशेष अर्थपूर्ण म्हणावा लागेल. 'ग्राम' या पदामुळे त्यात भूमी येते. कॅथलिक धर्मविधीसंहितेनुसारही पॅरिश हा श्रद्धावंतांचा एक स्थिर समुदाय असून तो सर्वसाधारणपणे भौगोलिक सीमेने ठरतो. म्हणजे त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक त्या धर्मग्रामाचा घटक असतो. श्रीमंत बागाईतदार आणि त्याच्या वाडीत राबणारा मजूर, चर्चला नेमाने येणारा आणि फक्त नाताळला उगवणारा, हे सर्व एकाच नोंदवहीत असतात. समविचारी लोकांनी एकत्र येऊन स्थापन केलेली ही सभा किंवा मंडळ नव्हे. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू या तिन्ही नोंदी जेथे होतात असे ते गावच असते, आणि गावाचे सर्व गुणदोष त्यात उतरतात.

वसईत ही संस्था पोर्तुगीजांबरोबर आली. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढील दोनशे वर्षांत सत्तेच्या आश्रयाने धर्मप्रसार झाला. त्या काळातील सक्तीचा आणि दडपणाचा इतिहास नाकारून या समाजाविषयी प्रामाणिकपणे काही लिहिता येणार नाही. परंतु त्या इतिहासाचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, धर्मग्राम मात्र राहिला. राजसत्तेचा आधार संपल्यानंतर जो ख्रिस्ती समाज येथे टिकला, तो स्थानिक भाषा, स्थानिक शेती आणि स्थानिक चालीरीती यांच्या बळावर टिकला. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, वाडीत केळी आणि पानवेल, पाण्यासाठी विहीर व बावखल, आणि नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याचा उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचा 'आगेरा' हा सण, अशी ही जीवनपद्धती आहे. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, तेव्हा या समाजाच्या मराठीपणावर जणू प्रशासकीय शिक्कामोर्तब झाले.

धर्मग्रामातून समाजकार्य कसे निर्माण होते याचे वसईतील एक उदाहरण दिब्रिटो यांच्या जन्माच्याही आधीचे आहे. १९१८ साली पापडी येथे मोन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने एक सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नावारूपास आली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ चा आहे. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत एका धर्मगुरूने तो कायदा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला, याकडे महाराष्ट्रातील सहकाराच्या अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. येथे श्रद्धा आणि पतपुरवठा एकाच अंगणात नांदतात. कर्ज मागणारा कोण, त्याची वाडी कोणती आणि त्याचा शब्द किती खरा, हे ज्या समुदायाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे तो समुदायच तारण ठरतो. दिब्रिटो यांच्या आंदोलनाची मुळे शोधावयाची तर ती लॅटिन अमेरिकेतील मुक्तिविचारात शोधण्याआधी या अंगणात शोधावी लागतात.

धर्मांतराचे साहित्य आणि धर्मग्रामाचे साहित्य

मराठी समीक्षेत 'ख्रिस्ती साहित्य' हा एकच कप्पा मानण्याची पद्धत आहे. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७), रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची कविता, लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' आणि दिब्रिटो यांचे लेखन ही सर्व या एका कप्प्यात ठेवली जातात. ही वर्गवारी सोयीची असली तरी समीक्षेच्या दृष्टीने फारशी उपयोगाची नाही.

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती साहित्य हे प्राधान्याने प्रॉटेस्टंट मिशनांच्या परिसरात निर्माण झाले आणि त्याच्या केंद्रस्थानी धर्मांतर ही घटना आहे. एक व्यक्ती वाचते, विचार करते, अस्वस्थ होते आणि निर्णय घेते. त्या निर्णयाने घर तुटते, नाती दुरावतात. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्या एका कृतीचे पडसाद लक्ष्मीबाईंच्या संपूर्ण आत्मकथनावर पसरलेले आहेत. हे 'मी'चे साहित्य आहे. त्यातील नाट्य निर्णयाचे आहे. आयुष्याच्या अखेरीस टिळकांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. निर्णयानंतर समुदाय कोठून आणावयाचा, ही त्यांच्यापुढील अडचण त्यातून स्पष्ट होते.

दिब्रिटो यांच्यापुढे ही अडचण नव्हती. त्यांचा समुदाय त्यांच्या जन्मापूर्वी चारशे वर्षे तेथे होता. त्यांना ख्रिस्ती होण्याचा निर्णय घ्यावा लागला नाही. ख्रिस्ती असण्याचा अर्थ काय, एवढाच प्रश्न त्यांच्या वाट्याला आला. आत्मकथनाला त्यांनी दिलेले 'नाही मी एकला' हे शीर्षक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आत्मचरित्र हा मुळात 'मी'चा वाङ्मयप्रकार, आणि त्याच्या शीर्षकातच नकार येतो. धर्मांतराच्या साहित्यात असे शीर्षक सहसा संभवत नाही, कारण तेथे लेखक एकटा पडल्यावरच लेखन सुरू होते.

धर्मग्रामाच्या साहित्याची परंपरा मराठीत मुळीच नाही असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी भाषेच्या गौरवासाठी नेहमी उल्लेखिला जातो. त्याचा सामाजिक उपयोग मात्र क्वचितच सांगितला जातो. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांकडे पूर्वीची पुराणे उरली नव्हती. पुराण ऐकण्याची सवय उरली होती. चर्चमध्ये जमलेल्या समुदायाने ऐकावे म्हणून हे पुराण रचले गेले. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने देशी भाषांच्या वापरावर गदा आणली आणि या परंपरेचा प्रवाह आटला. 'ख्रिस्तपुराण' आणि 'सुबोध बायबल' यांच्यामध्ये साडेतीनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरीही दोहोंचा श्रोता एकच आहे. तो चर्चच्या बाकावर बसलेला, हातात फारशी पुस्तके नसलेला, पण कानाने जाणता असा मराठी माणूस होय.

प्रवचन, अग्रलेख आणि ललित गद्य

संमेलनाच्या निमित्ताने 'त्यांनी लिहिले तरी काय?' असाही एक प्रश्न विचारला गेला. प्रश्नाचा रोख खोडसाळ असला तरी प्रश्न वाङ्मयीन आहे आणि त्याचे उत्तर वाङ्मयीनच असावयास हवे. दिब्रिटो यांनी ज्या प्रकारात प्रामुख्याने लिहिले त्याला मराठीत धड नाव नाही. तो लघुनिबंध नाही, वैचारिक लेखही नाही. त्याचे मूळ रविवारच्या मिस्सेतील प्रवचनात आहे.

प्रवचनाची घडण ठरलेली असते. शुभवर्तमानातील त्या दिवसाचा उतारा प्रथम वाचला जातो. त्यानंतर धर्मगुरू त्या उताऱ्यावर बोलतो, जगण्यातील एखादा प्रसंग सांगतो आणि श्रोत्यांना काही करावयास सुचवितो. हे सर्व थोड्या वेळात आटोपावे लागते, कारण पुढे मुख्य विधी बाकी असतो. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. त्या परिसरातील वाचकास कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग परिचित असतो. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, असा कीर्तनाचा विस्तार असतो. प्रवचनातही निरूपण आणि कथा ही दोन्ही अंगे आहेत, पण येथे आख्यान पुराणातून येण्याऐवजी बहुधा शेजारच्या आळीतून येते आणि त्याचा शेवट एखाद्या कामाच्या सूचनेत होतो. कीर्तनकार फडाचा असतो, गावोगाव फिरतो. धर्मगुरू पुढच्या रविवारी पुन्हा त्याच लोकांसमोर उभा राहणार असतो, त्यामुळे त्याला आपल्या बोलण्याचा हिशेब द्यावा लागतो.

दिब्रिटो यांच्या गद्याची लहान वाक्ये, दृष्टान्तावरील भिस्त, संतवचनांचा आणि बायबलमधील प्रसंगांचा सहज एकत्र वावर, आणि लेखाच्या अखेरीस वाचकाला उद्देशून होणारे आवाहन ही सारी वैशिष्ट्ये या घडणीतून आलेली आहेत. 'सुवार्ता'च्या चोवीस वर्षांच्या संपादनकाळात त्यांनी या घडणीला अग्रलेखाचे रूप दिले. 'सुवार्ता' म्हणजे शुभवर्तमान. चर्चच्या मासिकाचे ते साहजिक नाव होते. दिब्रिटो यांनी त्यातील 'वार्ता' या अंशाला महत्त्व दिले, असे म्हणता येईल. धर्मसमाजाच्या वर्तुळापुरते मासिक न ठेवता त्यांनी त्यात सामाजिक आणि वाङ्मयीन प्रश्नांना जागा दिली आणि अख्रिस्ती मराठी लेखक व वाचक त्याच्याशी जोडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली होती आणि आधुनिक जगाच्या सुखदुःखाशी चर्चचे नाते जोडणारा दस्तऐवज १९६५ मध्ये संमत केला होता. दिब्रिटो हे त्या परिषदेनंतर दीक्षित झालेल्या पहिल्या पिढीतील धर्मगुरू. लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा करणाऱ्या या पिढीला मराठी ही प्रार्थनेची भाषा म्हणून नव्याने कमवावी लागली. 'सुवार्ता'तील गद्याचा कस त्या कमाईचा आहे.

या घडणीची किंमतही त्यांच्या लेखनाने मोजली आहे. प्रवचनाला समोर श्रोते लागतात. वृत्तपत्रातील सदरांतून आणि प्रासंगिक ललित लेखांतून ते जेव्हा 'सर्वांसाठी' लिहितात, तेव्हा समोरची ओळखीची माणसे नाहीशी होतात आणि लेखनात माणुसकी, प्रेम, क्षमा, प्रकाश अशा मोठ्या नामांची गर्दी होते. दृष्टान्त जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला असतो, त्याला गाव नसते. अशा लेखांत वाचकास खटकण्यासारखे काही नसते, आणि हाच त्यांचा दोष आहे. याउलट 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या ग्रंथात इस्राएल आणि पॅलेस्टाईन यांच्या संघर्षाकडे पाहताना त्यांची लेखणी पुन्हा सजग होते. तेथे भूमी आहे, त्या भूमीवर हक्क सांगणारे समुदाय आहेत आणि प्रत्येकाच्या हक्काला धर्मग्रंथाचा आधार आहे. जमिनीचा प्रश्न समोर आला की हा लेखक उपदेश बाजूस ठेवून तपशिलाकडे वळतो.

हरित वसई : विहिरीचे ईश्वरविज्ञान

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसई-विरार परिसरातील हरित पट्टा बांधकामासाठी खुला होण्यास सुरुवात झाली. १९९० मध्ये या उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. मुंबईची लोकसंख्या पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत होती. वाड्यांच्या जागी इमारती येऊ लागल्या आणि त्या इमारतींना लागणारे पाणी शेतकऱ्यांच्या विहिरींतून टँकरने जाऊ लागले. समुद्रालगतच्या या पट्ट्यात गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते आणि विहीर मचूळ होते. तीच गत बागेची होते. दहशतीचे वातावरणही त्या काळात होते. या पार्श्वभूमीवर 'हरित वसई संरक्षण समिती'चे आंदोलन उभे राहिले आणि त्याच्या अग्रभागी दिब्रिटो होते.

या आंदोलनाचे वर्णन 'पर्यावरण चळवळ' असे केले जाते. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. वसईच्या शेतकऱ्याने 'पर्यावरण' हा शब्द नंतर उचलला. त्याच्या दृष्टीने प्रश्न विहिरीचा होता. धर्मग्रामाच्या जगण्यात विहीर म्हणजे बाग, बाग म्हणजे मुंबईच्या बाजारात जाणारी केळी आणि फुले, त्या पैशातून मुलांचे शिक्षण व लग्न, आणि त्या लग्नाची नोंद पुन्हा चर्चमध्ये. विहीर मचूळ झाली की ही साखळी तुटते. वाडी विकली की माणूस धर्मग्रामाच्या हद्दीत राहूनही त्याच्या जीवनपद्धतीबाहेर फेकला जातो. म्हणून जमीन राखणे आणि समुदाय राखणे ही येथे एकच गोष्ट होती. याविषयीच्या दिब्रिटो यांच्या लेखनात जो आवेश दिसतो तो निसर्गप्रेमी लेखकाचा म्हणण्यापेक्षा गावकऱ्याचा आहे. मराठीत निसर्गावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बरेचसे सहलीला गेलेल्या माणसाचे आहे.

या आंदोलनात ख्रिस्ती समाजाबरोबर अन्य समाजांतील कार्यकर्तेही होते, हे विसरता येत नाही. तसेच धर्मगुरूने रस्त्यावर उतरावे काय, हा प्रश्न चर्चच्या आतही अप्रस्तुत नव्हता. १९८३ च्या धर्मविधीसंहितेने धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास मनाई केलेली आहे. पक्ष आणि प्रश्न यांतील रेषा कागदावर स्पष्ट असते, सभेच्या मैदानावर ती पुसट होते. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि गावे महापालिकेबाहेर ठेवण्याच्या मागणीसाठी पुन्हा आंदोलन पेटले. तेव्हा ही रेषा अधिकच पुसट झाली. गावे वगळण्याचा प्रश्न शासननिर्णय आणि न्यायालय यांच्यात वर्षानुवर्षे घुटमळत राहिला. आंदोलन यशस्वी झाले की नाही, याचे उत्तर आजच्या वसईच्या क्षितिजाकडे पाहून कोणीही देऊ शकेल. इमारती आल्याच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या पत्राद्वारे पृथ्वीच्या जतनास श्रद्धेचा विषय बनविले, तेव्हा वसईत त्यावर पंचवीस वर्षांचा खटाटोप होऊन गेलेला होता.

सुबोध बायबल

'सुबोध बायबल' हे दिब्रिटो यांचे सर्वांत मोठे वाङ्मयीन कार्य होय. मराठीतील बायबलच्या भाषांतरास प्रदीर्घ इतिहास आहे. श्रीरामपूर येथून विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. पंडिता रमाबाई यांनी केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांना समजावे या हेतूने साध्या मराठीत केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्णपणे प्रसिद्ध झाले. रमाबाईंना वाचक ठाऊक होता. दुष्काळातून वाचलेली, नुकतीच अक्षरओळख झालेली मुलगी हा तो वाचक.

दिब्रिटो यांच्यापुढे दोन वाचक होते आणि ते परस्परविरुद्ध दिशांना ओढत होते. एक धर्मग्रामातील, ज्याला 'तारण', 'कृपा', 'पश्चात्ताप' हे शब्द लहानपणापासून ठाऊक आहेत. दुसरा अख्रिस्ती मराठी वाचक, ज्याला त्याच शब्दांचे अर्थ अन्य परंपरेतून मिळालेले आहेत. 'तारण' म्हटले की त्याला बँक आठवते. या दोघांना एका वाक्यात बसविण्यासाठी दिब्रिटो प्रास्ताविके आणि टिपांची जोड देतात आणि मूळ संहितेची मराठी सैल, बोलती ठेवतात. काही ठिकाणी या सैलपणामुळे जुन्या भाषांतरांतील गांभीर्य हरवते, विशेषतः जेथे मूळ वचन सूत्रासारखे आखूड आहे. परंतु कथाभागात ही मराठी विलक्षण मोकळी होते. तेथे ती पुन्हा प्रवचनकाराची मराठी असते.

संतसाहित्याशी या लेखकाचे जे नाते आहे तेही येथेच पाहिले पाहिजे. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधनप्रबंध लिहिला होता. म्हणजे या परिसरात वारकरी परंपरेचा अभ्यास हा वैयक्तिक छंद नव्हता. तुकाराम आणि जनाबाई यांच्याकडे हे लेखक समन्वयाच्या सौजन्यापोटी वळले, असे मानणे वरवरचे होईल. श्रमाच्या जागी, जात्याशी आणि शेणगोठ्यात देव भेटतो, हा जनाबाईंचा अनुभव वाडीत राबणाऱ्या समाजाला आपला वाटावा यात नवल नाही.

जमीन नसलेला धर्मग्राम

मराठवाड्यातून हे लेखन वाचताना मात्र एक प्रश्न उभा राहतो. वसईच्या धर्मग्रामाला राखण्यासाठी जमीन होती. ज्या ख्रिस्ती समुदायाला जमीनच नाही, त्याच्या श्रद्धेचे आणि समाजकार्याचे रूप कोणते?

मराठवाड्यातील कॅथलिकांसाठी औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये निर्माण झाला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि मराठवाडा येथील ख्रिस्ती समाज, मग तो कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, बहुतांशी पूर्वास्पृश्य जातींतून आलेला आहे. १९५० च्या अनुसूचित जातींविषयक राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना त्या सूचीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. खुद्द भारतीय कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचे मान्य केले. धर्मग्रामाच्या एका नोंदवहीत सर्व समान असतात, असे जे वर म्हटले, त्याची ही दुसरी बाजू आहे.

दिब्रिटो जातिभेदाविरुद्ध नव्हते असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न त्यांच्या मतांचा नाही, त्यांच्या गद्याच्या गुरुत्वमध्याचा आहे. तो वसईच्या बागेत आहे. त्यांच्याच धर्मप्रांतात डहाणू, तलासरी, जव्हार आणि मोखाडा हे आदिवासी मुलूख येतात. तेथील ख्रिस्ती माणसाचा भूमीशी संबंध वेगळा आहे. वनजमीन, कसणे आणि मालकी यांत तेथे फरक आहे. बागाईतदाराची विहीर ज्या आत्मीयतेने या गद्यात येते त्या आत्मीयतेने हा मुलूख येत नाही. तेथे लेखक आस्थेवाईक पाहुणा असतो. हा दोष सहानुभूतीच्या अभावाचा मानणे अन्यायाचे होईल. धर्मग्रामातून लिहिणाऱ्या लेखकाला आपल्या धर्मग्रामाची सीमा ओलांडता येणे अवघड असते, हे त्याचे कारण आहे. ज्या भूमीने त्याला भाषा दिली तीच त्याला थांबविते.

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव आणि त्याच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरील भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावात म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. कोणत्याही धर्माचा स्थानिक समुदाय येथे वर्षातील पाच-सहा महिने अर्धाच असतो. नाताळ येतो तेव्हा मराठवाड्यातील अनेक श्रमिक कोणत्या तरी कारखान्याच्या परिसरात खोपीत असतात. स्थिर समुदाय ही धर्मग्रामाची व्याख्याच येथे लागू पडत नाही. सहकारी पतपेढीला लागणारी ओळख, आंदोलनाला लागणारी रोजची बैठक आणि प्रवचनाला लागणारा पुढचा रविवार, या तिन्ही गोष्टींसाठी माणसे जागेवर असावी लागतात. वसईच्या अनुभवातून सिद्ध झालेली श्रद्धा आणि समाजकार्याची सांगड येथे आणावयाची झाल्यास ती उचलीच्या कराराशी, मुकादमाशी आणि कोयत्याच्या दराशी जोडावी लागेल.

शिवाय येथील ख्रिस्ती माणसाच्या दोन नोंदी असू शकतात. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याचे नाव असते आणि शाळेच्या दाखल्यावर पूर्वीची जात व पूर्वीचा धर्म. मुलाला शिष्यवृत्ती हवी असेल तर दुसरी नोंद दाखवावी लागते आणि पहिली लपवावी लागते. वसईच्या धर्मगुरूला आपल्या लोकांना चर्चच्या आवारातून मोर्चाने तहसील कचेरीपर्यंत नेता आले. येथील माणूस त्याच तहसील कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभा असतो आणि आपण चर्चला जातो हे कोणी सांगू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते.